पडेल ते सांगायचं

कुणी काहीही विचारलं की ते आधी डोळे मिटायचे. उजवा तळहात गुडघ्यावर उपडा ठेवायचे, मान थोडी खाली घालायचे आणि थांबायचे. प्रश्न देवाधर्माचाच असायला हवा असं नव्हतं. "चहा घेणार का?" म्हटलं तरी हेच. टपरीवाला कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला की यांचं उत्तर यायचं, "अर्धा. साखर नको." पहिल्या भेटीत मला वाटलं, माणसाला कमी ऐकू येतंय. मग वाटलं, डुलकी लागली. पण ते जागे होते आणि ऐकूही नीट येत होतं.

ते गुरव होते. पोलादपूरहून आंबेनळी घाटाचा रस्ता चढायला लागला की आतल्या अंगाला एक वाडी आहे, तिथल्या सोमजाईचे पुजारी. आमच्या भागात देवीला कौल लावतात. तुम्ही पाहिलं नसेल तर एवढंच सांगतो: ओल्या कळ्या देवीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि बसून राहायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पोरगी त्या घरात द्यावी का, विहीर इथे खणावी का, हरवलेला बैल जिवंत आहे का. गुरवाने कळ्यांकडे बघायचं आणि जे दिसेल ते बोलायचं. "पडेल ते सांगायचं," असं ते म्हणायचे. कुठलाही विषय असो, त्याची गाडी शेवटी या वाक्यावर येऊन थांबायची.

मी महाडचा. जमीन मोजणीच्या कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालो. आमच्या घरात बुद्धाची तसबीर आहे, देव नाहीत, आणि कौलबिलावर माझा काडीचा विश्वास नाही. तेव्हा आमची गाठ पडायचं तसं काही कारण नव्हतं. पण दोघांच्याही फुप्फुसात एकच दुखणं निघालं, आणि दोघांनाही सांगण्यात आलं की ते आता ऑपरेशनच्या पलीकडे गेलंय. मुंबईच्या अलीकडे एका मोठ्या रुग्णालयात नव्या उपचाराची चाचणी चालू होती. सलाईनमधून द्यायचं औषध ठरलेलंच होतं. त्याच्या जोडीला एक नवी गोळी दिली तर माणूस जास्त टिकतो का, हे त्यांना बघायचं होतं. निम्म्या लोकांना नुसतं सलाईन, निम्म्यांना सलाईन आणि गोळी. आम्ही दोघांनी सह्या केल्या. दुसरं करण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

पोलादपूरच्या दिलीपची ईको गाडी आम्हाला न्यायची. गुरवबुवा आणि त्यांची बायको पोलादपूरला चढायची, मी महाडला हायवेवर. हायवे म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. मी नोकरीत असताना तो रुंद व्हायला लागला आणि अजून होतोच आहे. माणगावपर्यंत धूळ, पुढे खड्डे, मग पुन्हा धूळ. फुप्फुसाच्या पेशंटला यापेक्षा वाईट रस्ता शोधून सापडायचा नाही. रुग्णालयात पोचेपर्यंत अंगातला जीव निम्मा व्हायचा, आणि मग प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून आपला नंबर यायची वाट बघायची. आजाराने मी जेवढा थकलो नाही तेवढा त्या खुर्च्यांनी थकलो.

कुणाला गोळी मिळणार हे ज्या दिवशी ठरायचं होतं, त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून नीट समजावलं. कुणाला काय द्यायचं हे त्या ठरवणार नव्हत्या. कुणीच माणूस ठरवणार नव्हता, कॉम्प्युटर ठरवणार होता. मला ते पटेना. सगळा जन्म मी सरकारी कचेरीत काढलेला. कुणाच्याच हातात नाही असं म्हणतात, तेव्हा ते कुणाच्या तरी हातात असतंच. मी आडून आडून विचारत होतो की बाई, कॉम्प्युटरवर बसतं कोण.

गुरवबुवांनी मात्र डोळे मिटले. बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी हातानेच खूण केली, थांबा.

"त्याला आमचं नाव सांगता काय?" त्यांनी डोळे उघडून विचारलं.

"नाही. नाव नाही. फक्त नंबर."

"मंग बरोबर हाय. नाव कळलं की कौल वाकडा होतो." मग पुन्हा थोडं थांबून, "एकदा पडला की परत इचारता येतं?"

"नाही, काका. एकदाच."

"नायच इचारायचं," ते समाधानाने म्हणाले. बाईंनी आजवर कितीतरी शिकलेल्या माणसांना ही गोष्ट समजावली असेल, पण इतक्या चटकन कुणी होकार दिला नसेल. मी आपला कॉम्प्युटरवर कोण बसतं याच विचारात.

त्यांना जोडी मिळाली. मला नुसतं सलाईन. खोटं कशाला सांगू, मला फार वाईट वाटलं. परतीच्या वाटेवर मी खिडकीतून बाहेर बघत होतो, आणि गुरवबुवांना माझ्याशी बोलावं की नाही ते कळत नव्हतं. चहाला गाडी थांबली. परत निघताना मी मागे चढायला गेलो तर ते माझ्या जागेवर जाऊन बसलेले. पुढची सीट त्यांची होती. ती ऐसपैस, पाय पसरायला जागा, धक्केही कमी.

"भाऊसाहेब, तुमी पुढं बसा आता."

"का हो?"

"मला दोन औषधं, तुमाला एक. मंग पुढली सीट तुमची."

मी हसलो. त्यांच्या बायकोने, वहिनींनी, मागून सांगितलं, "बसा हो. नायतर घरापर्यंत डोळं मिटून बसतील." त्या दिवसापासून हा नियमच झाला. ज्याला कमी मिळालं त्याने पुढे बसायचं. दिलीप नव्या माणसाला गाडीत घेतलं की हा नियम समजावून सांगायचा, आणि त्या माणसाला काही कळायचं नाही.

वाटेत ते कौलाच्या गोष्टी सांगायचे. एकदा वाडीतला एक मुंबईकर नवीकोरी गाडी घेऊन आला. त्याला देवळाच्या जागेलगत बंगला बांधायचा होता आणि देवीची परवानगी हवी होती. कळ्या लावायच्या आधी तो बुवांच्या कानाशी लागला. "काका, उजवीला जरा पाणी कमी लावा ना. लौकर सुटेल."

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. पाणी तेवढंच लावलं. डावी पडली. तो म्हणाला, परत लावा. म्हटलं, देवी काय बहिरी हाय?"

"आणि बंगला?"

"बांधला की त्यानं. पडेल ते सांगायचं माझं काम. ऐकायचं त्याचं."

एकदा त्यांनी मलाही विचारलं, तुमच्यासाठी लावू का. मी म्हटलं, बुवा, मी मानत नाही. ते म्हणाले, "मानायचं तुमाला कुठं हाय? पडायचं फुलाला हाय." मी नको म्हटलं. मग विचारलं, स्वतःसाठी लावलात का? त्यांनी मान हलवली. गुरवाने स्वतःसाठी कौल लावायचा नाही, अशी त्यांच्या घराची चाल होती. बापाने लावला नाही, आजाने लावला नाही. आपल्या प्रश्नाला आपलाच हात थरथरतो, असं त्यांचं म्हणणं. "माझ्यासाठी पयल्यांदा कुणी लावला तर तुमच्या त्या कॉम्प्युटरनं," ते म्हणाले. कॉम्प्युटर माझा कसा झाला ते मला कळलं नाही.

गोळी त्यांना मानवली. तोंड आलं, तळपाय सोलले, चव गेली, पण फोटोत गाठ आकसलेली दिसायला लागली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते पुन्हा देवळात जायला लागले. सोमजाईचं देऊळ वाडीच्या वर टेकाडावर आहे आणि पायऱ्या उभ्या आहेत. आजार निघाल्यापासून त्यांना चढवत नव्हतं, पूजा पुतण्याकडे दिली होती. पूजा गेल्याचं त्यांना दुखण्यापेक्षा जास्त लागलं होतं. शिमग्याला पालखी उतरली तेव्हा ते स्वतः वर होते. वहिनींनी मोबाइलवर काढलेला फोटो गाडीत सगळ्यांना दाखवला. फोटोत पालखी थोडीशीच आली होती, बाकी सगळे तेच होते. मी फोटो बघितला आणि मला बरं वाटलं. थोडं जळायलाही झालं. दोन्ही एकाच वेळी होतं माणसाला.

मग एका खेपेला महाडला गाडीत चढलो तर मागून खोकला ऐकू आला. कोरडा, आखूड, तुटक. आमच्यासारखी माणसं खोकल्याची चाल ओळखतात. हा जुना नव्हता. दिलीपने आरशात बघितलं आणि गाणं बंद केलं.

रुग्णालयात पहिल्या दिवसापासून बजावून ठेवलेलं होतं की गोळीने कधी कधी चांगल्या फुप्फुसालाच सूज येते. नवा खोकला, नवा दम लागला की ताबडतोब सांगा. आणि तसं निघालं तर गोळी बंद, हेही सांगितलेलं होतं. एकदा बंद झाली की या चाचणीत पुन्हा नाही, आणि बाजारात ती आलेलीच नव्हती.

"भाऊसाहेब, तुमी तरी सांगा यांना," वहिनी मागून म्हणाल्या. "आजच्या दिवस गप ऱ्हावा म्हणावं. धुळीनं झालं असंल."

"धुळीचाच असेल," मी म्हणालो. "बुवा, आज नका सांगू. पुढच्या वेळेपर्यंत बघू." हे मी बोललो, आणि त्या वेळी मला ते अगदी बरोबर वाटत होतं. माणूस मरणाच्या दारातून परत येऊन देवळाच्या पायऱ्या चढतोय, त्याच्या हातातून काठी कुणी कशाला काढून घ्यावी?

ते कोलाडपर्यंत डोळे मिटून बसले होते. एवढा वेळ त्यांना कुठल्याच उत्तराला लागला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी नेहमीसारखं विचारलं, "काय काका, कसं वाटतंय?" मी शेजारच्या खुर्चीवर होतो. वहिनी मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या, पदर तोंडाशी. बुवांनी तळहात गुडघ्यावर ठेवला. बाई आता सरावल्या होत्या, त्या थांबल्या.

"देवळाच्या निम्म्या पायऱ्या झाल्या की बसावं लागतं," ते म्हणाले. "मागल्या महिन्यात बसत नव्हतो. आणि खोकला हाय. पयल्यासारखा नाय, कोरडा हाय."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनाही तो माणूस आवडायचा. लगेच छातीचं स्कॅन काढलं, सूज होती, गोळी त्याच दिवशी बंद झाली. सूज उतरायची दुसरी औषधं दिली. बाई म्हणाल्या, काका, तुम्ही वेळेवर सांगितलंत, उशीर झाला असता तर सुजेनेच घात केला असता. बुवांनी मान डोलवली. वहिनींनी ऐकून घेतलं, पण त्यांना ते ऐकायचं नव्हतं.

परतताना माणगावला वहिनींचा बांध फुटला.

"जलमभर दुसऱ्याचं खरं सांगितलंत. येकदा आपल्यासाठी गप बसता आलं नाय?"

ते हळूच म्हणाले, "अगो, मी गप बसलो म्हणून फूल पडायचं थांबतं काय?"

वहिनींनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मी पुढच्या सीटवरून उठायला लागलो. आता दोघांनाही एकेकच औषध होतं, तेव्हा सीटवर त्यांचाही हक्क होता. त्यांनी मागूनच माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

सूज उतरली. पण गोळी गेल्यावर आतलं दुखणं हळूहळू डोकं वर काढायला लागलं, आणि सलाईनचं औषधही नंतर बंद झालं. पूजा पुन्हा पुतण्याकडे गेली. तरी ते तपासणीला आमच्या गाडीतूनच यायचे, आणि डॉक्टरांनी विचारलं की डोळे मिटायचे. उत्तरं आता वाईटच असायची, पण ती तेवढ्याच निगुतीने दिली जायची.

मधल्या काळात चाचणीत बदल झाला. जिथे जिथे ती चालू होती तिथून अशाच सुजेच्या बातम्या आल्या होत्या. काहींनी लपवली होती, ते वाचले नाहीत. गोळीचं प्रमाण कमी केलं गेलं. आणि रुग्णालयातून एक मुलगी सगळ्यांना दर आठवड्याला फोन करायला लागली. नवीन खोकला? जिना चढताना दम? ताप? मला नुसतं सलाईन असल्यामुळे त्या फोनचा कंटाळा यायचा. नाही, नाही, नाही, म्हणून मी ठेवून द्यायचो.

नंतर माझं सलाईन चालेनासं झालं. गाठ वाढली. ज्यांचं असं होईल त्यांना सलाईनच्या जोडीला गोळी द्यायची, असं चाचणीत आधीच ठरलेलं होतं. म्हणजे बुवांची गेली आणि मला आली. हे त्यांना कसं सांगावं ते मला कळेना. गाडीत मी नुसता डबीशी चाळा करत बसलो.

"मिळाली काय?" त्यांनीच विचारलं.

"मिळाली. पण कमी ताकदीची."

"पिवळीच काय?"

"पिवळीच."

ते हसले. फार दिवसांनी हसताना बघितलं. मग म्हणाले, "आता उठा तिथनं." मला आधी कळलंच नाही. मग आठवलं. आता जोडी माझ्याकडे होती. मी उठून मागे वहिनींशेजारी बसलो आणि ते पुढे जाऊन बसले, पाय पसरून. महाड येईपर्यंत एकदा मान न वळवता म्हणाले, "पायऱ्या चढवतील बघा तुमाला. माझ्या वाटणीचं एकदा वर जाऊन या. मानू नका. नुसतं जाऊन या."

मी हो म्हटलं. अशा वेळी माणूस हो म्हणतो.

गणपतीच्या आधी ते गेले. घरीच गेले, दिवसाउजेडी. दिलीपने फोनवर सांगितलं तेव्हा मी अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो, आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. मला रडू आलं नाही. या आजाराच्या वाटेवर इतकी माणसं ओळखीची होतात आणि जातात की डोळेही कंटाळतात. पण त्या रात्री जेवण गेलं नाही, एवढं खरं.

बाराव्याला दिलीप मला वाडीवर घेऊन गेला. वहिनी दारात बसल्या होत्या. मला बघून उठल्या, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "जाणार ना वर? मला सांगून गेलेत ते, भाऊसाहेब येतील म्हणून."

मी चढायला लागलो. गोळीने मला खरंच उभारी दिली होती, घरचा जिना मी न थांबता चढायला लागलो होतो. दोन्ही बाजूंनी गवत वाढलेलं, पायऱ्या शेवाळलेल्या. वर देवळाचं शिखर दिसत होतं आणि पुतण्याने घंटा वाजवल्याचा आवाज आला. निम्म्यावर आलो आणि श्वास पुरेना. थांबलो. मग बसलो. मग खोकला आला. कोरडा, आखूड, तुटक.

तो त्या दिवशीचाच नव्हता, हे मला माहीत होतं. काही दिवस मी त्याला धूळ म्हणत होतो.

जिथे बसलो ती पायरी इतरांपेक्षा गुळगुळीत होती. बुवा इथेच बसत असणार. माझ्या आजोबांच्या काळी आमच्या माणसांना या पायऱ्यांवर पाऊल ठेवायची परवानगी नव्हती. मला परवानगी होती, आमंत्रण होतं, आणि दम नव्हता. मला हसू आलं, आणि हसताना पुन्हा खोकला आला. मग मी तिथेच बसून रडलो. त्यांच्यासाठी किती आणि माझ्यासाठी किती, ते मला आजही सांगता येणार नाही.

खाली आलो तेव्हा वहिनी पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांनी खोकला ऐकला होता. त्यांच्याइतका तो कोण ओळखणार?

"कंदीपासून?" त्यांनी विचारलं.

"थोडे दिवस झाले."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता म्हणतील, गप ऱ्हावा. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "आता मी काय सांगू तुमाला." एवढंच. आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा टाकला.

परत निघालो. दिलीपने पुढचं दार उघडून धरलं. "बसा काका पुढं. आता कोण हाय?" मी मागे जाऊन बसलो. जोडी अजून माझ्याकडे होती. पुढची सीट मोकळीच राहिली.

पोलादपूर जवळ आलं, रेंज आली आणि फोन वाजला. तीच मुलगी. आवाजावरून चांगली वाटते, तिला मी कधी बघितलेलं नाही. तिने विचारलं, "काका, या आठवड्यात नवीन खोकला? चढताना दम?"

दिलीपने आरशात माझ्याकडे बघितलं. स्टिअरिंगवरचा एक हात उचलून त्याने नाही नाही अशी खूण केली. चांगला माणूस आहे. माझ्या भल्यासाठीच करत होता.

मी डोळे मिटले. तळहात गुडघ्यावर ठेवला. फोनमध्ये ती मुलगी हॅलो, हॅलो करत होती. मी तिला थांबू दिलं. गाडी चालत होती, माझ्या पुढची सीट रिकामी होती.

"हो," मी म्हणालो. "आहे."